ज्वाला गेली, अग्नी राहिला

वारा आणि विस्तव यांची मैत्री मनुष्याने फार प्राचीन काळी ओळखली. चुलीपुढे बसून फुंकणीने निखारे फुलविणारी गृहिणी, भाता ओढीत भांड्याला कल्हई चढविणारा कल्हईवाला आणि दिव्याची ज्योत बारीक फुंकणीने दागिन्याच्या सांध्यावर नेमकी वळविणारा सोनार, या तिघांच्या कामातील तत्त्व एकच आहे. विस्तवाला वारा मिळाला की त्याचे सामर्थ्य वाढते, आणि वाऱ्याला दिशा दिली की ते सामर्थ्य हवे तेथे नेता येते. या तिन्ही ठिकाणी विस्तव मात्र डोळ्यांसमोर असे. तो दिसे, म्हणूनच त्याचा धाक राही.

आज हार्डवेअरच्या दुकानांत ‘हीट गन’ या नावाचे एक लहानसे यंत्र मिळते. त्याची मूठ पिस्तुलासारखी असते. चाप दाबला की आतला पंखा फिरू लागतो, तापलेल्या तारेच्या वेटोळ्यातून हवा ढकलली जाते आणि नळीच्या तोंडातून उष्ण हवेचा झोत बाहेर पडतो. ज्वाला नाही, धूर नाही, इंधनाचा वास नाही. जुन्या दारावरील रंगाची पुटे काढणे, काचेभोवतीची दगडासारखी झालेली लांबी मऊ करणे, प्लास्टिकची नळी वाकविणे, लॅमिनेटखालचा गोंद सैल करणे अशी घरातील कितीतरी कामे त्याने होतात. पाहणाऱ्याला ते केस वाळविण्याच्या यंत्राचे थोरले भावंड वाटते. हे साम्य फसवे आहे. कित्येक हीट गनच्या तोंडाशी हवा सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते. कागद सुमारे २३० अंशांवर पेट घेतो आणि शिसे ३२७ अंशांवर वितळते, एवढे दोन आकडे शेजारी ठेवले तरी या निरुपद्रवी दिसणाऱ्या वाऱ्याचे खरे स्वरूप ध्यानात येते.

या यंत्रासोबत येणाऱ्या पत्रकात सावधगिरीच्या सूचना छापलेल्या असतात. त्या कोणी फारशा वाचीत नाही. वस्तुतः त्यांतील बहुतेक सूचनांमागे एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात कोठे एखादे जळालेले छप्पर आहे, तर कोठे एखादे आजारी मूल. तो इतिहास ठाऊक झाला म्हणजे त्याच सूचना निराळ्या दिसू लागतात.

लाकडावरील जुना रंग काढण्याची गरज फार जुनी आहे. तेलरंगाची पुटे एकावर एक चढत गेली की कालांतराने ती तडकतात, त्यांना पोपडे येतात, आणि त्यांवर नवा रंग टिकत नाही. नुसते खरवडून ती निघत नाहीत. परंतु वाळलेला तेलरंग तापविला की मऊ होतो, त्याला फोड येतात आणि त्या अवस्थेत तो पात्याने सहज उचलता येतो. उष्णता आणि लाकडावरील लेप यांचे हे नाते आपल्याकडील कारागिरांनाही परिचित आहे. सावंतवाडीचा खेळणी करणारा कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. बडोद्यानजीकच्या संखेडा गावी लाकडी सामानावर लाखेचे काम याच रीतीने चालत आले आहे. उष्णतेने लेप बसतो, आणि उष्णतेनेच तो सुटतो.

युरोपात लेप सोडविण्याच्या या कामाला मोठी गती मिळाली ती १८८२ साली. स्वीडनमधील कार्ल रिचर्ड न्यूबेर्ग नामक कारागिराने त्या वर्षी ‘ब्लो लॅम्प’ तयार करण्यास प्रारंभ केला. पितळी टाकीत द्रव इंधन भरावयाचे, त्याची वाफ तापलेल्या नळीत व्हावयाची, आणि ती वाफ सूक्ष्म छिद्रातून वेगाने बाहेर पडून तिची तीव्र, सरळ ज्वाला व्हावयाची, अशी ती योजना होती. पुढे माक्स सीव्हर्ट यांच्या साहाय्याने हे दिवे दूरदूरच्या देशांत पोहोचले. या दिव्याच्या एका वंशजाची मराठी घरांशी जवळची ओळख आहे. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या दुसऱ्या स्वीडिश कारागिराने याच तत्त्वावर १८९२ साली ज्वाला आडवी सोडण्याऐवजी वर वळविली, आणि त्यातून प्रायमस स्टोव्ह जन्माला आला. पंप मारून, पिन घालून ज्यांनी तो वर्षानुवर्षे पेटविला, त्यांना ब्लो लॅम्पचे अंतरंग निराळे समजावून सांगावयास नको. स्टोव्हचा भडका म्हणजे काय, हेही त्यांना सांगावे लागत नाही.

रंगाऱ्याच्या हाती ब्लो लॅम्प आला आणि दिवसाचे काम तासावर आले. परंतु त्याबरोबर दोन संकटेही आली. पहिले उघड होते. हजार अंशांहून अधिक तापमानाची ज्वाला वाळलेल्या लाकडाजवळ नेणे म्हणजे आगीला निमंत्रण होते. दुसरे संकट रंगाच्याच पोटात दडलेले होते, आणि ते ओळखावयास जगाला पुष्कळ काळ लागला.

ते संकट म्हणजे शिसे. पांढऱ्या तेलरंगाचा आधार शतकानुशतके ‘सफेता’ हा होता, आणि सफेता म्हणजे शिशाचा क्षार. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर प्रथम जे तांबडे पुट देत, त्यातही शेंदूर, म्हणजे शिशाचीच भस्मरूप जात, वापरली जाई. शिशाचे रंग लाकडाला घट्ट धरत, पाऊस-उन्हाला दाद देत नसत आणि झाकणशक्तीत उजवे ठरत. यास्तव चांगला रंगारी सफेत्याच्या रंगाचा आग्रह धरी. शिसे विषारी आहे हे मात्र अज्ञात नव्हते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस याने शिशाचे काम करणाऱ्यांचे निस्तेज चेहरे पाहून शिशाच्या नळांतील पाण्याविषयी सावध केले होते. तथापि ते कारागिरांच्या धंद्यातले दुखणे अशीच समजूत पुढे दीर्घकाळ राहिली.

ती समजूत ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात मोडली. ब्रिस्बेन येथील डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लहान मुलांमध्ये शिशाच्या विषबाधेची लक्षणे आढळू लागली. ही मुले कोणत्याही कारखान्यात जात नव्हती. मग विष येते कोठून? डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली त्याचे उत्तर दिले. घरांच्या व्हरांड्यांचे कठडे आणि खोल्यांच्या भिंती यांवरील रंग उन्हाने भुकटी होऊन मुलांच्या हाताला लागतो, आणि हाताने तोंडात जातो. कठड्याला टेकून खेळणारे मूल विष खात होते, आणि घरच्यांना त्याची वार्ताही नव्हती. क्वीन्सलँडने १९२२ साली मुलांच्या हाताला लागतील अशा बाह्य भागांवर शिशाचा रंग देण्यास कायद्याने मनाई केली. त्याच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने इमारतींच्या अंतर्भागात सफेता वापरू नये असा करार संमत केला होता. अमेरिकेला घरगुती रंगांतील शिशावर निर्बंध घालावयास १९७८ साल उजाडले. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. म्हणजेच त्यापूर्वी रंगविलेल्या दारा-खिडक्यांच्या आतल्या पुटांत शिसे असण्याची शक्यता गृहीत धरणेच शहाणपणाचे होय.

ब्लो लॅम्पची ज्वाला अशा रंगावर धरली की त्यातील शिसे बारीक धुराच्या रूपाने हवेत मिसळते. तो धूर रंगारी श्वासावाटे घेतो, आणि घरात तो जमिनीवर, अंथरुणावर, खेळण्यांवर बसतो. यास्तव ज्वालेविना उष्णता मिळाली तर बरे, असा विचार पुढे येणे स्वाभाविक होते.

ती सोय विजेने केली. शिकागो येथील अल्बर्ट मार्श यांनी निकेल व क्रोमियम यांचा एक मिश्रधातू सिद्ध केला आणि १९०६ साली त्याचे पेटंट मिळविले. ‘नायक्रोम’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्याची तार विजेने लालबुंद झाली तरी लवकर जळून तुटत नाही. टोस्टर, विजेची शेगडी, केस वाळविण्याचे यंत्र अशा अनेक उपकरणांत हीच तार शिरली. तारेचे वेटोळे अधिक तापवून त्यामागे दमदार पंखा बसविला की हीट गन होते. प्रथम ती कारखान्यांत आली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरगुती हत्यारांच्या पेटीत दाखल झाली. रंगाऱ्याच्या हातातील ज्वाला गेली, आता धोका टळला, असे अनेकांना वाटले.

तो खरोखर टळला काय, याची परीक्षा अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात झाली. तेथील जुन्या वस्तीतील घरांत शिशाचा रंग विपुल होता आणि मुलांना विषबाधा झाल्याची प्रकरणे वारंवार पुढे येत. मूल आजारी पडले की घरातील रंग काढण्याचा हुकूम होई, आणि कंत्राटदार ज्वालेने जाळून व घासून तो काढीत. पुढे सुधारित पद्धत आली. ज्वाला वर्ज्य झाली आणि तिच्या जागी हीट गन आली. मार्क फारफेल आणि ज्युलियन चिझम या संशोधकांनी दोन्ही पद्धतींच्या घरांतील धूळ आणि मुलांचे रक्त तपासले व १९९० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या पद्धतीने काम झालेल्या ठिकाणी धुळीतील शिसे दहा ते शंभर पट वाढलेले आढळले. हीट गनच्या पद्धतीत वाढ त्याहून कमी होती. परंतु सहा महिन्यांनंतर पाहता ती पद्धतही पुरेशी नाही असेच दिसून आले. दोन्ही पद्धतींत घर शेवटी नीट स्वच्छ होत नव्हते. मुलांच्या आरोग्यासाठी केलेले काम मुलांच्याच मुळावर येत होते.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हीट गनने धूर कमी केला, पण रंग नाहीसा केला नाही. उचललेले पापुद्रे आणि त्यांचा चुरा खालीच पडतो. तापमान फार चढविले तर धूरही परत येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ साली जे नियम केले आणि जे एप्रिल २०१० पासून लागू झाले, त्यांत १९७८ पूर्वीच्या घरांतील शिशाच्या रंगावर ज्वाला वापरण्यास मनाई आहे, आणि ११०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५९३ अंश सेल्सिअसपलीकडील हीट गनलाही मनाई आहे. शिशाबाबतचे शास्त्रीय मतही याच काळात अधिकाधिक कठोर होत गेले. मुलांच्या रक्तात किती शिसे आढळल्यास दखल घ्यावी, याची अमेरिकेतील मर्यादा १९९१ साली प्रति डेसिलिटर १० मायक्रोग्रॅम होती. ती २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आली. निर्धोक म्हणता येईल असे प्रमाण आज कोणीच सांगत नाही.

ही झाली विषाची कथा. अग्नीची कथा त्याहून विदारक आहे.

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात अपपार्क नावाचा सतराव्या शतकाच्या अखेरचा एक भव्य वाडा आहे. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांची आई तेथे गृहव्यवस्थापिका होती, आणि बालवयात वेल्स यांनी तेथील पुस्तके वाचली. १९८९ साली या वाड्याच्या छपराची दुरुस्ती अखेरच्या टप्प्यात आली होती. ३० ऑगस्ट रोजी छपरावरील शिशाचे पत्रे सांधीत असता उष्णतेने आतील लाकूड पेटले. वाडा त्या दिवशी लोकांना पाहण्यासाठी खुला होता. सेवकांनी व इतरांनी हातोहात चित्रे, सामानसुमान बाहेर काढले, त्यामुळे पुष्कळ ठेवा वाचला. परंतु छप्पर व वरचे मजले कोसळले. वाडा पुन्हा उभा करून १९९५ मध्ये लोकांसाठी उघडण्यात आला. दुरुस्ती संपत आली असता, दुरुस्तीनेच वास्तू जावी, हा दैवदुर्विलास खरा. परंतु त्याला दैव म्हणून सोडून देता येत नाही, कारण तो पुन्हा घडला.

अमेरिकेतील आयोवा सिटी या गावी ‘ओल्ड कॅपिटॉल’ नामक इमारत आहे. तिची कोनशिला १८४० साली बसली. आयोवा हा प्रदेश असताना व पुढे राज्य झाल्यावर १८५७ पर्यंत तेथून कारभार चाले. त्यानंतर राजधानी डे मॉइन येथे गेली आणि ती इमारत विद्यापीठाकडे आली. तिचा सोनेरी घुमट हे त्या गावाचे भूषण. २००१ साली त्या घुमटाचे जीर्णोद्धाराचे काम चालू होते. घुमटाच्या तळाशी जुना रंग व अॅस्बेस्टॉस काढण्यासाठी ज्वाला आणि हीट गन या दोहोंचा वापर होत होता. २० नोव्हेंबर रोजी तेथे आग लागली आणि तो घुमट जळून गेला. खालची इमारत धुराने व पाण्याने खराब झाली, पण उरली. ती उरण्याचे कारण मोठे बोधप्रद आहे. १९२० च्या दशकातील दुरुस्तीत कोणा दूरदर्शी माणसांनी घुमट आणि खालची इमारत यांच्यामध्ये आग अडविण्यासाठी काँक्रीटची लादी घालून ठेवली होती. पाऊणशे वर्षे ती लादी काही न करता पडून होती. ज्या दिवशी तिची गरज पडली, त्या दिवशी तिने आपले काम केले. नवा घुमट २००३ मध्ये चढला आणि इमारत २००६ मध्ये पुन्हा लोकांसाठी उघडली.

तिसरी घटना कॅलिफोर्नियातील. १ जून २००८ च्या पहाटे युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात कामगार एका छपराचे डांबरी पत्रे ज्वालेने तापवून बसवीत होते. तीनच्या सुमारास काम संपले. नियमाप्रमाणे कामगार आणखी एक तास त्या जागी पहारा करीत थांबले आणि काही दिसले नाही म्हणून निघून गेले. पाच वाजण्यापूर्वीच तेथे आग भडकली. त्या आगीत चित्रीकरणाचे देखावे जळाले आणि ध्वनिमुद्रणांचा एक मोठा संग्रहही नष्ट झाला. या संग्रहाच्या हानीचे स्वरूप लोकांपुढे आले ते २०१९ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. अमेरिकेतील अग्निसंरक्षणाच्या मानकांत असा पहारा पूर्वी किमान अर्धा तास असावा असे म्हटले होते. २०१९ च्या आवृत्तीत तो एक तास झाला. या घटनेत मात्र तासाचाही पहारा अपुरा ठरला होता.

एक तास डोळ्यांत तेल घालून पाहूनही माणसांना काही दिसू नये, हे कसे? याचे उत्तर जुन्या मराठी घरांतील प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते. रात्री ती चुलीतील निखारे राखेखाली पुरून ठेवी. वरून पाहता चूल विझलेली दिसे. पहाटे राख बाजूला सारून चार फुंकरा घातल्या की विस्तव पुन्हा जागा होई. जळते लाकूड ज्वालेविना, अत्यल्प हवेवर, तासन्‌तास धुमसू शकते. जुन्या इमारतींच्या चौकटींमागे, छपराच्या पोकळीत, खिडकीच्या फटींत पिढ्यान्‌पिढ्यांची धूळ, कोळिष्टके, लाकडाचा भुसा आणि पाखरांची घरटी साठलेली असतात. हीट गनचा झोत एखाद्या फटीतून आत गेला की हा कचरा धुमसू लागतो. बाहेर ना धूर, ना वास. मग कोठेतरी हवेची वाट सापडते आणि विस्तव भडकतो. तोवर कामगार घरी जाऊन जेवूनही बसलेला असतो.

ब्लो लॅम्पच्या काळी ज्वाला कोठे लागते हे रंगाऱ्याला दिसे. हीट गनच्या झोताला रंग नाही. तो काचेवर आपटून कोठे वळतो, चौकटीमागे किती खोल जातो, हे नजरेला कळत नाही. साधन सौम्य झाले, तशी धोक्याची खूणही पुसली गेली. यामुळेच या यंत्राच्या बाबतीत डोळ्यांचे काम नियमांना करावे लागते.

या इतिहासाच्या प्रकाशात घरच्या कामासाठी ज्या गोष्टी पाळावयाच्या, त्या पुढीलप्रमाणे होत. पहिली गोष्ट काम सुरू करण्यापूर्वीची. रंग जुना असेल तर तो शिशाचा असू शकतो असे समजून चालावे, आणि शक्य असल्यास त्याची तपासणी करून घ्यावी. रंग शाबूत असून पोपडे येत नसतील, तर तो न काढता त्यावर नवे पुट देणे हा पुष्कळदा सर्वांत निर्धोक मार्ग असतो. काढावयाचाच असेल, तर मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना काम व सफाई पूर्ण होईपर्यंत त्या घरातून दूर ठेवावे. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून पापुद्रे त्यावरच पाडावे. कोरडा पॉलिश पेपर मारू नये, आणि झाडूने धूळ उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. तोंडावर बांधलेला रुमाल शिशाच्या धुळीला अडवीत नाही, त्यासाठी बारीक कण गाळणारा योग्य मास्कच लागतो. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत आणि हात धुतल्यावाचून काही खाऊ नये. बाल्टिमोरच्या घरांनी जो धडा दिला, तो हाच की काम रंग निघाला म्हणजे संपत नाही, धूळ गेली म्हणजे संपते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. यंत्र नेहमी कमी तापमानावर सुरू करावे आणि रंग मऊ होण्यास जेवढे लागेल तेवढेच वाढवावे. रंगाला फोड आला की पात्याने तो उचलावा. रंग काळा पडला किंवा धूर निघाला, तर उष्णता अधिक झाली असे समजून लगेच थांबावे. झोत एका जागी रोखू नये, हात सतत हलता ठेवावा. नळीचे तोंड पृष्ठभागाला टेकवू नये, कारण हवेची वाट अडली की आतली तार गरजेहून अधिक तापते. काचेजवळ झोत लागला तर काच तडकते, म्हणून तेथे काचेवर आड धरावा. रंग विरघळविणारी रसायने आणि हीट गन यांची गाठ कधीही घालू नये, कारण त्यांतील अनेकांच्या वाफा पेट घेतात किंवा तापून विषारी होतात. प्लास्टिकची पीव्हीसी नळी वाकवितानाही ती मऊ होईल एवढेच तापवावे. ती करपली तर घशाला जाळणारी आम्लाची वाफ सुटते. खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्या.

तिसरी गोष्ट विजेची. दोन हजार वॅटचे यंत्र आपल्याकडील २३० व्होल्टच्या विजेवर सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढते. दिवा-पंख्याच्या पाच-सहा अँपिअरच्या प्लगला हा भार पेलत नाही. त्यासाठी अर्थिंग असलेला पंधरा-सोळा अँपिअरचा पॉवर प्लगच हवा. लांब वायर वापरावी लागली तर ती जाड असावी आणि गुंडाळीवरून पूर्ण उलगडलेली असावी. गुंडाळलेली वायर भाराखाली आतल्या आत तापते आणि तिचे आवरण वितळते. जुन्या वाड्यांतील वायरिंग तर दोन पिढ्यांपूर्वीचे असते. तेथे आधी जाणत्या वायरमनचा सल्ला घेणे इष्ट.

चौथी गोष्ट शेवटची, आणि या इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. झोत फटीत, पोकळीत, छपराच्या आत किंवा चौकटीमागे सोडू नये. तेथे हाताने खरवडणेच बरे. बादलीभर पाणी किंवा आग विझविण्याचे नळकांडे हाताशी असावे. चाप सोडल्यावरही नळी पुष्कळ वेळ तापलेली राहते, म्हणून ती थंड हवेवर काही मिनिटे चालवून, कोठेही न टेकता उभी निवू द्यावी. मुख्य म्हणजे दिवसाचे काम सकाळी सुरू करावे आणि दुपारीच संपवावे. त्यानंतर तासाने, आणि पुन्हा दोन-तीन तासांनी, तेथे परत जाऊन लाकडाला व भिंतीला हात लावून पाहावे, वास घ्यावा. संध्याकाळी उशिरापर्यंत रंग तापवून, दार ओढून झोपी जाणे यासारखा धोका दुसरा नाही.

गोव्यातील जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या तावदानांना धरून ठेवणाऱ्या लाकडी चौकटी, ग्वाल्हेर-बडोद्याच्या वाड्यांतील कोरीव खांब, बेळगावच्या जुन्या पेठांतील दरवाजे हे सारे आज दुरुस्तीची वाट पाहत आहेत. शंभर-दीडशे वर्षे उन्हात वाळलेले हे सागवान आहे. लाकडी वास्तू आगीत गेली म्हणजे काय जाते, हे इंदूरकरांना सांगावे लागत नाही. निराळ्या कारणाने का होईना, त्यांचा राजवाडा १९८४ साली होरपळलेला त्यांनी पाहिला आहे. घर सुंदर करण्याच्या हौसेने हाती घेतलेले यंत्र त्या घराच्या नाशाला कारण होऊ नये, एवढीच अपेक्षा. अपपार्कच्या छपरावरील कामगार निष्काळजी होते असे नव्हे. त्यांचे काम जवळजवळ संपले होते, आणि संपलेल्या कामाकडे मनुष्य मागे वळून पाहत नाही.

आपल्या आजीने रात्री राखेखाली निखारा पुरताना तो पहाटेपर्यंत जिवंत राहील, या भरवशावर पुरला होता. हीट गन बंद करून हात धुणाऱ्या माणसानेही आपल्यामागे तो निखारा जिवंत आहे, असे समजावे, आणि झोपण्यापूर्वी एकदा तेथे जाऊन यावे.